माझा या विषयाशी संबंध नाही

आज सकाळी अंगणात काजळी पडली.

इंदापुरात गळीत हंगाम सुरू झाला हे कॅलेंडरात बघावं लागत नाही. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर काळं, वळलेलं, सुरवंटासारखं काहीतरी येऊन बसतं आणि झटकायला गेलं की त्याचा फराटा उमटतो. जळक्या पाचटाची राख ती. तोडणीआधी कुणीतरी कुठंतरी उसाचा फड पेटवलेला असतो आणि वारा त्यातला आपला वाटा गावात आणून टाकतो. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात, त्यांच्या कर्ण्यांतून गाणी अंगावर आदळतात, आणि मधूनच मळीचा तो आंबूस, गोडसर, डोक्यात चढणारा वास. या वासानं माझ्या गावच्या माणसांना बिल आठवतं, पोरीचं लग्न आठवतं, नवी मोटारसायकल आठवते. मला हाड मोडल्याचा आवाज आठवतो.

उसाचं पेर मोडतं तेव्हाही साधारण तसाच आवाज होतो. म्हणून कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की त्या दिवशी मोडला तो ऊस.

मी शाळेत मराठी शिकवतो. दिवसभर बोलणं हाच माझा धंदा, पण घरात मी कमी बोलतो आणि स्वतःबद्दल तर बोलतच नाही. लोक याला सज्जनपणा म्हणतात. मीही म्हणू दिलं. आमचे वडील कारखान्यात फिटर होते. ते गेले तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो आणि माझा धाकटा भाऊ विनायक, आमचा विनू, अजून चड्डीत होता. त्याचा बाप व्हायचं काम माझ्याकडं आलं. इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कुणीतरी ती वडिलांच्या खात्यावर टाकेल: आमचे वडील मारत नसत. त्यांनी आम्हा दोघांवर कधी बोटही उचललं नाही. मी मारायला कुणाकडून शिकलो, हे सांगता आलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

तो हंगाम विनूच्या दहावीचा. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. एसटी स्टँडच्या मागं अण्णा नावाच्या एका माणसानं पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ गेमची यंत्रं मांडली होती. रुपयाचं नाणं टाकायचं आणि पडद्यावरच्या माणसानं पडद्यावरच्या दुसऱ्या माणसाला मरेस्तोवर हाणायचं. शाळेत विनूची गैरहजेरी लागली म्हणून मी तिथं गेलो. आत अंधार होता, घामाचा वास होता, आणि निळ्या उजेडात माझ्या भावाचं तोंड इतकं आनंदात होतं की तसं ते घरी मी कधीच पाहिलं नव्हतं. मला वाटतं, राग त्याचाच आला.

कॉलरला धरून मी त्याला बाहेर ओढला. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. त्यातला एक ऊस मी उपसला, शेंड्याचं वाढं गुडघ्यावर मोडून फेकलं.

"हात पुढं कर," मी म्हणालो.

त्यानं उजवा हात पुढं केला.

"मोज."

तो मोजायला लागला. हुंदक्यात आकडा अडकला की मी म्हणायचो, "चुकलास. पहिल्यापासनं." आणि पुन्हा पहिल्यापासून. "रडायचं न्हाय. मोज." ट्रॉलीवरचा ड्रायव्हर आधी हसत होता. मग म्हणाला, "मास्तर, बास करा, पोरगं मरंल की!" स्टँडवरची माणसं चहाचे ग्लास हातात धरून उभी होती. पत्र्याच्या खोलीत ते यंत्र चालूच होतं. विनूचा खेळ अर्धवट राहिला होता ना. आतून बुक्क्यांचे आवाज येत होते, खोटे, ठसठशीत, एकसारखे. बाहेरचे आवाज त्या मानानं अगदीच किरकोळ वाटावेत असे. शेवटच्या फटक्याला ऊस पेरात तुटला. आणि विनूच्या करंगळीशेजारचं बोट भलत्या दिशेला बघायला लागलं.

आईनं हळद लावली. त्याच्याकडं बघून एवढंच म्हणाली, "उजवा हाय. पेपर कशानं लिवणार?"

त्याच आठवड्यात आमच्या शेजारचा फड पेटवला. मी विनूलाही बरोबर नेलं, पांढऱ्या पट्टीत बांधलेल्या हातासकट. त्याला कोंडून ठेवलं असं कुणी म्हणू नये म्हणून. आग एकदम उभी राहते. आधी तडतड, मग एखादं मोठं जनावर धापा टाकत यावं तसा आवाज, आणि बघता बघता आभाळाच्या खालची कड हलायला लागते. सगळीकडून पेटवत आणून एक कोपरा मागं ठेवला होता. आत राहणारं सगळं त्या कोपऱ्यातून बाहेर येतं, म्हणून माणसं तिथं काठ्या घेऊन उभी होती. उंदीर आले, घोरपड आली, पाठीवर ठिणगी घेऊन एक साप आला. मग ससा आला. तो सरळ माझ्याच पायांत आला, कारण दुसरीकडं सगळी आग होती. माझ्या हातात काठी होती. मी मारला. लोकांनी "वा मास्तर!" केलं. मी वळून पाहिलं तर विनू सशाकडं बघत नव्हता. माझ्या हाताकडं बघत होता.

विनू दहावी पास झाला. मी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत कितीतरी वर्षं सांगितली, विनोदी करून. "उसानं हाणला, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली," म्हणायचो, आणि सगळे हसायचे. वर्गातही सांगितली. बोटाचा भाग मी सांगत नसे. नव्यानं आलेल्या एका बाईंनी एकदा विचारलं, "लागलं का हो त्याला?" मी म्हणालो, "छे! ऊस तो, मोडून गेला."

पुढं विनू पुण्यात गेला, संगणकाचं शिकला, नोकरीला लागला, लग्न झालं. सणावारी यायचा, पाया पडायचा. मी मात्र चाळिशी ओलांडल्यावर एका वेगळ्याच नादाला लागलो. मराठीतला एक खुला ज्ञानकोश आहे, इंटरनेटवरचा. त्यात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. सुट्टीत मी गावांची पानं लिहायचो, शुद्धलेखन सुधारायचो. हळूहळू मला तिथं प्रचालक केलं. प्रचालक म्हणजे ज्याच्याकडं पानं काढून टाकायची चावी असते तो. काढलेलं पान इतरांना दिसत नाही, पण प्रचालकाला कायम दिसतं. ते पुसलं जात नाही, फक्त आमच्या कुलपाआड जातं.

तिथं सगळ्यात जास्त भांडणं होतात ती एका प्रश्नावरून: अमुक एक गोष्ट पान मिळण्याइतकी मोठी आहे का? त्यासाठी आमच्यात शब्द आहे, उल्लेखनीयता. नियम असा, की त्या गोष्टीशी संबंध नसलेल्या तिऱ्हाईत माणसांनी तिच्याबद्दल कुठंतरी छापून लिहिलेलं हवं. महामार्गावरच्या डाळजसारख्या गावाला दोन ओळींचं का होईना पान मिळतं, कारण गाव सरकारदरबारी नोंदलेलं असतं. पण उद्या कुठल्या तरी साहेबांचा भाचा आपला वाढदिवस चढवायला आला, आणि हे लोक येतात, रोज येतात, तर त्याला याच नियमानं बाहेर काढता येतं. नियम चांगला आहे. हे मी आजही म्हणतो.

बारामतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आम्ही नव्या लेखकांसाठी कार्यशाळा घ्यायचो. तिथल्या ग्रंथपाल केतकी मॅडम वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, बोलायला तिखट. चार-पाच हंगामांपूर्वी त्यांनी एक पान लिहिलं: 'बोलता डाव' नावाच्या संकेतस्थळावर. काही हौशी मंडळी तिथं जुने जपानी व्हिडिओ गेम मराठीत आणत होती. मूळ खेळ ज्याचा त्यानं मिळवायचा. यांनी फक्त मराठी शब्दांचं ठिगळ द्यायचं, ते लावलं की खेळातली माणसं मराठी बोलायला लागतात. नावं सगळ्यांची टोपण. पैसे कुणी घेत नव्हतं.

"सर, एक अख्खा जपानी खेळ पहिल्यांदा मराठीत बोलतोय," केतकी मॅडम म्हणाल्या.

"पहिल्यांदा, हे कोण म्हणतं?"

"मी म्हणते की."

"तुम्ही चालत नाही, मॅडम."

"मग कोण चालतं?"

"तिऱ्हाईत. आणि छापलेलं."

"अहो सर, माळेगावला आमच्या गल्लीत पोरं कट्ट्यावर बसून ते वाचतात. मोठ्यानं वाचतात! शाळेचं पुस्तक बघितलं की ज्यांचं डोकं दुखतं ती. त्यांना आणू का?"

"ती पण चालत नाहीत."

"म्हणजे जो खेळलाय तो चालत नाही, आणि जो चालतो त्यानं ते बघितलेलं नाही." त्या हसल्या. "भारी आहे हो तुमचा कोश."

मीही हसलो. तोवर मला खरंच काही माहीत नव्हतं.

काही दिवसांत कुणीतरी त्या पानावर 'वगळावे' अशी पाटी लावली आणि चर्चा सुरू झाली. चर्चा म्हणायची आपली पद्धत. "हा ज्ञानकोश आहे, खेळण्यांचं दुकान नव्हे." "पोरखेळ. उपटून टाका." "अशानं उद्या गल्लीतल्या कॅरमचं पान निघेल." केतकी मॅडम एकट्या सगळ्यांना उत्तरं देत होत्या, आणि त्यांच्या प्रत्येक उत्तरावर चारजण तुटून पडत होते. माणसं समोर नसली की किती निर्धास्त मारतात. त्यांच्या शब्दांत मला फडाच्या कोपऱ्यावरची माणसं दिसत होती, काठ्या घेऊन उभी. तरी मी त्यात एक शब्द बोललो नाही, कारण चर्चा मिटवायचं काम माझ्याकडं येणार होतं. जो चर्चेत नव्हता त्यानंच निकाल द्यायचा, अशी रीत आहे.

निकाल द्यायचा म्हणून मी ते संकेतस्थळ एकदा नीट बघायला घेतलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, शिक्षकांच्या खोलीत मी एकटा. बाहेरून ट्रॅक्टर जात होते. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या खेळाची ओळख दिली होती: एक जळलेलं रान, रानात पडका किल्ला, किल्ल्यात काळं चिलखत घातलेला एक माणूस. खेळणारा असतो त्याचा धाकटा भाऊ. अख्खा खेळ या मोठ्या भावापर्यंत पोचण्यासाठी आणि पोचल्यावर त्याच्याशी लढण्यासाठी. त्याला नाव नाही. मराठीत त्याला नुसतं 'दादा' म्हटलं होतं.

खाली पडद्याची चित्रं होती. पहिल्या चित्रात काळ्या चिलखताखालच्या चौकटीत लिहिलं होतं: "हात पुढं कर."

दुसऱ्यात: "मोज."

तिसऱ्यात: "चुकलास. पहिल्यापासनं."

त्या टोपणनावांआड कोण आहे, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ही वाक्यं एकाच माणसानं म्हटली होती आणि एकाच माणसानं अंगावर घेतली होती. आणि ती आता माळेगावच्या कट्ट्यावर पोरं मोठ्यानं वाचत होती.

मला गप्प बसता आलं असतं. "माझा भाऊ यात आहे, दुसऱ्या कुणी निकाल द्यावा," एवढं लिहिलं असतं तरी पुष्कळ होतं. तिथं अशी माघार माणसं नेहमी घेतात आणि त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. मी तसं केलं नाही. मी तिथंच बसून लिहिलं: 'निर्णय: वगळावे. पुरेसे त्रयस्थ संदर्भ उपलब्ध नाहीत.' आणि त्याखाली, निकाल देणाऱ्यानं शेवटी जी ओळ लिहायची असते ती: 'माझा या विषयाशी संबंध नाही.'

मग बटण दाबलं. पान गेलं. मला हलकं वाटलं. उसानं मारून झाल्यावर सायकलवर बसून घरी निघालो होतो तेव्हा वाटलं होतं, अगदी तसंच. चांगलं काम केल्यासारखं.

केतकी मॅडम त्यानंतर कार्यशाळेला आल्या नाहीत. पुढच्या वर्षी 'बोलता डाव' उघडायचंच बंद झालं. पान नव्हतं, आता संकेतस्थळही नव्हतं. ती मंडळी होती, त्यांनी अक्षर अक्षर बसवून काहीतरी केलं होतं, याचा मराठीत नीट मांडलेला पुरावा म्हणून राहिला तो मी काढून टाकलेला लेख, आणि तो फक्त चावी असलेल्यांना दिसायचा. दर हंगामात काजळी पडायला लागली की मी तो उघडून वाचायचो. केतकी मॅडमनी फार बारकाईनं लिहिला होता. त्या जुन्या खेळांत अक्षरांसाठी ठरावीक घरं असतात, एका घरात एक अक्षर, त्यामुळं मराठी जोडाक्षरं मावत नाहीत. म्हणून या मंडळींनी पुस्तकी भाषा सोडून आपल्याकडची तुटक, आखूड बोली घेतली, असं त्यात होतं. संकेतस्थळाच्या संस्थापकानं प्रत्येक अक्षर ठिपक्या-ठिपक्यानं स्वतःच्या हातानं काढलं, असंही. कुठल्या हातानं ते त्यात नव्हतं.

या दिवाळीला विनू, त्याची बायको आणि त्याची पोरगी ईरा आमच्याकडं आले होते. ईरा बालवाडीत आहे. ओसरीवर ती बापाच्या मांडीवर बसून त्याच्या हाताशी खेळत होती. ते बोट तिनं सरळ करायचा प्रयत्न केला. झालं नाही. मग माझ्याकडं बघून विचारलं, "काका, बाबाचं बोट असं वाकडं का?"

मी फराळाचं ताट हातात धरून उभा होतो.

विनू शांतपणे म्हणाला, "दारात सापडलं होतं, बाळा. लहानपणी."

"कुठल्या दारात?"

"होतं एक."

तिनं आमच्या घरातली सगळी दारं बघून घेतली. एकेका दाराशी जाऊन विचारून आली, "हे का? हे का?" विनू प्रत्येक वेळी नाही म्हणत होता. मी शेवटी ताट खाली ठेवलं आणि मागच्या अंगणात निघून गेलो.

ते पुण्याला परत गेल्यावर मी तो खेळ मिळवला. शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं ठिगळासकट होता. सरांना व्हिडिओ गेम कशाला, म्हणून तो गालात हसला. मोबाइलवर मी, पन्नाशीला आलेला माणूस, चष्मा लावून खेळायला लागलो. चुकत, पडत, मरत, पुन्हा सुरू करत एकदाचा त्या जळक्या रानातून किल्ल्यात पोचलो. काळं चिलखत समोर आलं. "हात पुढं कर." मी बटण दाबलं, माझा माणूस पुढं गेला, आणि दादानं त्याला असा हाणला की पडदा लाल झाला. "मोज." पुन्हा. "रडायचं न्हाय." पुन्हा. "चुकलास. पहिल्यापासनं." आणि खरंच पहिल्यापासून. मी रोज दुपारी शाळेतून आलो की मार खायला बसायचो. बायको म्हणाली, "अहो, काय लावलंय हे हाणामारीचं? आवाज तरी बंद करा." मी आवाज बंद केला. आवाज नसताना ते जास्त लागायचं.

आठवडाभर हरल्यावर मी विनूला फोन लावला. खेळाबद्दल विचारायचं असं ठरवलं होतं, पण तोंडातून दुसरंच आलं.

"विनू, ते पान मी काढलं होतं."

"म्हाईत हाय."

"कधीपासनं?"

"पहिल्याच दिवशी. निकाल कुणी दिला ते तितं नावासकट असतंय, दादा. आमच्यातली पोरं म्हणाली, कोण हा मास्तर? मी म्हणलं, आसंल कुणीतरी."

"मग बोलला का न्हाईस इतकी वर्षं?"

"काय बोलायचं? करंजी खाताखाता?"

त्याच्याकडं मागं कुकरची शिट्टी झाली.

"ती वाक्यं का घातलीस?" मी विचारलं.

"बसली म्हणून. त्या चौकटीत मोजकीच अक्षरं मावतात. मी लय करून बघितली वाक्यं, शुद्धातली, रांगडी, सगळी. खोटी वाटायची. तुझी बसली." मग म्हणाला, "आणि दादा, मला मारणाऱ्या माणसाची दुसरी भाषा येतच न्हाय."

मी फोन कानाला तसाच धरून भिंतीला टेकलो.

"साइट का बंद केलीस?"

"तू वाचलंस ना?"

"वाचलं."

"मग झालं की."

मग मी त्याला सांगितलं, की मी तो खेळ खेळतोय आणि दादा काही हरत नाही. तो हसला. कितीतरी वर्षांनी मी माझ्या भावाला असं हसताना ऐकलं. आनंदात नव्हे, पण उघड.

"तू पुढं जात आसशील. 'हात पुढं कर' म्हणलं की सगळी पुढंच जातात. मागं सरायचं आसतंय."

"तुला कसं कळलं?"

"मला लय उशिरा कळलं."

"आणि शेवटी काय होतं?"

"धाकटा मारतो त्याला. मूळ खेळात तसंच हाय. मी बदललं न्हाय. गोष्ट बदलायची न्हाय, आमच्यात तेवढा एक नियम होता."

त्याच्या मंडळींचा एकच नियम होता आणि तो त्यानं पाळला. शेवट बदलावा असं त्याला वाटलं होतं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

परवा मी त्या चर्चेच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं, लिहिलं: संस्थापक माझा भाऊ आहे, हे मला निकाल देताना माहीत होतं, मी खोटी ओळ लिहिली, हा निकाल रद्द धरावा आणि ज्याचा संबंध नाही अशा कुणी चर्चा नव्यानं करावी. मग प्रचालकाची चावी परत केली. ती काढून घेतल्याचा निरोप आला तेव्हा मी सवयीनं तो लेख उघडायला गेलो. 'हे पान अस्तित्वात नाही' एवढंच दिसलं. आता मलाही तो दिसत नाही. चर्चा पुन्हा सुरू झाली आहे, जुनीच माणसं जुन्याच काठ्या घेऊन आली आहेत, काही शिव्या आता माझ्याही नावानं आहेत. त्या रास्त आहेत.

आणि खरं सांगायचं तर, सगळं कबूल करून झाल्यावरही, नियमानं पाहिलं तर ते पान टिकेल असं मला वाटत नाही. तिऱ्हाईतानं छापलेलं काही नाहीच. पण हल्ली मनात येतं, की त्या दिवशी स्टँडवर किती तिऱ्हाईत होते! ड्रायव्हर होता, अण्णा होता, चहावाले होते. कुणाचाही माझ्याशी संबंध नव्हता, सगळ्यांनी नीट पाहिलं होतं. त्यातल्या एकानंही कुठं लिहून ठेवलं नाही. लिहिलं ते फक्त ज्यानं मार खाल्ला त्यानं, एका जपानी चिलखताच्या तोंडी घालून, ठिपक्या-ठिपक्यानं. आणि त्याचं पानही मी 'चालत नाही' म्हणून काढून टाकलं.

काल केतकी मॅडमचा इतक्या वर्षांनी फोन आला. मी मासिकासाठी असं काही लिहितोय हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. रागावतील म्हणून मी तयार होतो. त्या म्हणाल्या, "सर, लेख छापून आला की अंक पाठवा. निदान एक छापील संदर्भ तरी होईल. मी लावते."

"नका लावू, मॅडम," मी म्हणालो. "मी चालत नाही."

त्या म्हणाल्या, "हे मात्र तुम्ही बरोबर सांगितलंत."

तेव्हा हा लेख कुणी कशाचा पुरावा म्हणून वापरू नये. त्या संकेतस्थळाबद्दल मी बोलायला लायक नाही. फक्त एका गोष्टीला मी चालतो, आणि तिथं दुसरा कुणी चालणारही नाही. बाहेर काजळी पडतेच आहे. पुण्यात एक पोरगी आहे, अजून अक्षरं जुळवून वाचते, पण आणखी दोन-चार हंगामांत तिला हे वाचता येईल.

ईरा, ते दार नव्हतं.